कुलूप ओळखणारी किल्ली

सकाळी दुकान उघडताना किल्ल्यांच्या जुडग्यातून नेमकी किल्ली हाताला लागते, ती वर्षानुवर्षांच्या सवयीने. जुडग्यातील किल्ल्या दिसायला बहुतेक सारख्याच असतात. पण कुलूप उघडते ते एकीनेच. एखादी आत शिरते पण फिरत नाही. दुसरी फिरते तोच अडकून बसते. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शरीरातील रासायनिक घडामोडी समजावून सांगण्यासाठी हीच कुलूप-किल्लीची उपमा वापरली. त्याचे समकालीन पॉल एर्लिख यांनी त्यापुढे जाऊन एक स्वप्न पाहिले. रोगाच्या मुळावर नेमका आघात करील आणि निरोगी शरीराला धक्का लावणार नाही, असे औषध मनुष्याला बनवता आले पाहिजे, असे ते म्हणत. अशा औषधाला त्यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले.

कर्करोगाच्या बाबतीत हे स्वप्न बरीच दशके स्वप्नच राहिले. वाढणारी प्रत्येक पेशी मारत सुटणारी औषधे तेवढी वैद्यांच्या हाती होती. घरात शिरलेल्या चोराला पकडण्यासाठी साऱ्या वाड्याला आग लावावी, तसा तो प्रकार. केस गळत, तोंड येई, रक्त घटे, आणि रोग पुष्कळदा परत येई. या अवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवला तो इमॅटिनिब या औषधाने. प्रयोगशाळेतील चिकाटी, कारखानदारीचा हिशेब, रुग्णांची तळमळ आणि शेवटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, असे चार धागे त्याच्या कथेत एकत्र विणले गेले आहेत.

रोग आणि त्याची खूण

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने ‘सीएमएल’, हा रक्ताचा एक कर्करोग आहे. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होऊ लागतात. पहिली काही वर्षे रोग मंद गतीने चालतो. थकवा येतो, वजन घटते, प्लीहा वाढल्यामुळे डाव्या बरगडीखाली जडपणा वाटतो. पुष्कळदा एवढेही जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा अफाट निघतो आणि रोग उघडकीस येतो. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा उतारवयात आढळतो. भारतात मात्र तो तुलनेने तरुण, कमावत्या वयातील माणसाला गाठतो. पूर्वी निदानानंतर चार-सहा वर्षांत रोग उग्र रूप घेई, आणि मग महिन्यांचा हिशेब उरे. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवणे हा एक उपाय होता. पण तो थोड्यांनाच साध्य आणि स्वतःच जिवावरचा. इंटरफेरॉनची इंजेक्शने काहींना लागू पडत, पण ती सोसणे कठीण असे.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोगाची पहिली खूण सापडली. नॉवेल यांनी पेशी नळाच्या साध्या पाण्याने धुतल्या; त्यामुळे पेशी फुगल्या आणि आतील गुणसूत्रे सुटी होऊन मोजण्याजोगी दिसू लागली. सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आहे, हे हंगरफर्ड यांच्या लक्षात आले. त्या शहरावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ असे नाव पडले. परंतु हे आखूड गुणसूत्र रोगाचे कारण आहे की परिणाम, हे कोणालाच सांगता येईना.

जेवणाच्या टेबलावरील शोध

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बारा-तेरा वर्षे लागली, आणि ते मिळाले एका घरातील जेवणाच्या टेबलावर. शिकागो विद्यापीठातील डॉ. जॅनेट राउली यांनी चार मुलांचे संगोपन करत अनेक वर्षे अर्धवेळ संशोधन केले होते. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली गुणसूत्रांची छायाचित्रे त्या घरी आणत, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून काढत आणि टेबलावर जोड्या लावत बसत. आई कागदी बाहुल्यांशी खेळते, अशी थट्टा मुले करीत. या खेळातूनच त्यांच्या ध्यानात आले की २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा जो तुकडा गहाळ वाटतो, तो नाहीसा झालेला नाही. तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटला आहे, आणि ९ क्रमांकाचा तुकडा २२ वर आला आहे. दोन वह्यांची पाने फाटून एकमेकींत शिवली जावीत, तशी ही अदलाबदल होती. १९७३ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

पुढे १९८० च्या दशकात ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी त्या शिवणीतील मजकूर वाचला. एका पानावरील बीसीआर आणि दुसऱ्यावरील एबीएल ही दोन जनुके जोडली जाऊन एक नवेच, विकृत जनुक तयार झाले होते. त्यापासून बनणारे बीसीआर-एबीएल हे प्रथिन ‘कायनेज’ या वर्गातले. पेशीतील इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा ठिपका ठेवून त्यांना कामाला लावणे, हे कायनेजचे काम. निरोगी पेशीत हे बटण गरजेपुरते चालू होते आणि पुन्हा बंद होते. बीसीआर-एबीएलमध्ये ते कायमचे चालूच राहते, आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ असा एकच हुकूम सतत मिळत राहतो. १९९० साली जॉर्ज डेली आणि सहकाऱ्यांनी हे जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातले, तेव्हा उंदरांना तशाच प्रकारचा रोग झाला. गुन्हेगार कोण, याविषयी आता शंका उरली नाही. कुलूप सापडले होते. किल्ली घडवायची होती.

लहान रेणूची थोरवी

येथे ‘लहान रेणू’ म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. पाण्याच्या रेणूचे वजन १८ एकक धरले, तर ॲस्पिरिनचे १८० भरते. बीसीआर-एबीएल हे प्रथिन तब्बल २,१०,००० एककांचे आहे. शरीर स्वतः बनवते ती प्रतिपिंडे सुमारे दीड लाख एककांची असतात. ती औषध म्हणूनही वापरतात, पण पोटातून दिली तर पचून जातात, म्हणून सुईनेच द्यावी लागतात. शिवाय ती पेशीच्या आत सहजी शिरू शकत नाहीत. सुमारे पाचशे एककांच्या आतील रेणू मात्र गोळीच्या रूपाने गिळता येतो, आतड्यातून रक्तात उतरतो आणि पेशीचे आवरण ओलांडून आतल्या प्रथिनापर्यंत पोचतो. त्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एखाद्या खोबणीत तो घट्ट बसला, की प्रथिनाचे काम थांबते.

हे ऐकायला सोपे वाटते; पण कायनेजच्या बाबतीत एक मोठी अडचण होती. माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक प्रकारची कायनेज असतात, आणि ती सारी एकाच इंधनावर, एटीपी नावाच्या रेणूवर, चालतात. ज्या खोबणीत एटीपी बसतो ती सर्वांत जवळजवळ सारखीच. म्हणजे शेकडो कुलपे एकाच कारखान्यातली. त्यांपैकी एकच बंद करणारी आणि बाकीच्यांना हात न लावणारी किल्ली बनणेच शक्य नाही, असे अनेक नामांकित शास्त्रज्ञ ठामपणे म्हणत.

बाझेलची रसायनशाळा

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा-गायगी या कंपनीत ॲलेक्स मॅटर आणि निकोलस लिडन यांनी हे मत न जुमानता काम आरंभले. नवीन औषधाचा शोध सहसा चाळणीने होतो. कंपनीकडे साठवलेली हजारो संयुगे एकेक करून लक्ष्य-प्रथिनावर लावून पाहतात. कोठे किंचित परिणाम दिसला की ते संयुग बाजूला काढतात. असे एक साधे संयुग हाती लागले. पण ते दुसऱ्याच एका कायनेजला, पीकेसीला, अडवत होते. येथून पुढचे काम रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन यांचे. किल्ली बनवणारा कारागीर जसा कानशीने थोडे घासतो, लावून पाहतो, पुन्हा घासतो, तसे त्यांनी त्या रेणूला एकेक गट जोडून पाहिले. एक जोड दिल्यावर तो एबीएलसारख्या कायनेजांवर प्रभावी ठरू लागला. मग एका विशिष्ट जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा चिमुकला गट बसवताच पीकेसीवरील परिणाम नाहीसा झाला आणि एबीएलवरील परिणाम कायम राहिला. अवघ्या चार अणूंनी हा फरक केला. रेणू पाण्यात नीट विरघळेना, तेव्हा दुसऱ्या टोकाला आणखी एक गट जोडला आणि तो गोळीतून देण्याजोगा झाला. असा तयार झाला इमॅटिनिब : एकूण ६८ अणू, वजन सुमारे ४९४ एकक. ज्या प्रथिनाला तो जेरबंद करतो, ते त्याच्यापेक्षा सव्वाचारशे पट वजनदार आहे!

विशेष म्हणजे किल्ली आधी तयार झाली आणि कुलपाच्या आतली रचना नंतर दिसली. २००० साली जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने क्ष-किरणांच्या साहाय्याने हे चित्र मिळवले. एबीएल प्रथिन ‘बंद’ स्थितीत असताना त्याची खोबण इतर कायनेजांहून वेगळा आकार घेते, आणि इमॅटिनिब त्या बंद स्थितीतच त्याला धरून ठेवतो, असे दिसून आले. अशक्य मानलेली निवड कशी साधली, याचा उलगडा त्यातून झाला.

वहीखात्यात न बसणारे औषध

ब्रायन ड्रुकर हे सीएमएलच्या रुग्णांसाठी असेच औषध शोधणारे अमेरिकी डॉक्टर. १९९३ साली ते ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे आले आणि जुने परिचित लिडन यांच्याकडून त्यांनी संयुगे मागवली. त्यांतील एका संयुगाने काचपात्रातील रोगट पेशींच्या वसाहती ९२ ते ९८ टक्के घटवल्या आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावला नाही. १९९६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एर्लिखचे स्वप्न निदान काचेच्या बशीत खरे झाले होते.

तरीही औषध रुग्णापर्यंत पोचेना. प्राण्यांवरील चाचण्यांत, विशेषतः कुत्र्यांत, यकृतावर दुष्परिणाम दिसले. त्याच वर्षी सीबा-गायगी आणि सँडोझ या कंपन्यांचे विलीनीकरण होऊन नोव्हार्टिस ही नवी कंपनी बनली, आणि प्रत्येक प्रकल्पाची उपयुक्तता नव्याने तोलली जाऊ लागली. अडचणीचे खरे मूळ हिशेबात होते. अमेरिकेत या रोगाचे वर्षाला सुमारे पाच हजारच नवे रुग्ण. एक औषध बाजारात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ वाटेतच गळतात. यशस्वी औषधाला त्या साऱ्या बुडीत खात्यांचाही भार उचलावा लागतो. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी एवढे भांडवल गुंतवावे का, हा व्यापारी प्रश्न निरर्थक मुळीच नव्हता. पण वहीच्या दुसऱ्या पानावर ड्रुकर यांच्या दवाखान्यात वाट पाहणारे रुग्ण होते, आणि त्यांच्याजवळ दहा-पंधरा वर्षे नव्हती. ड्रुकर यांनी पाठपुरावा सोडला नाही.

चौपन्नांपैकी त्रेपन्न

जून १९९८ मध्ये माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. पोर्टलंड, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन या तीन ठिकाणी, इंटरफेरॉन निष्फळ ठरलेल्या रुग्णांना २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू मात्रा वाढवण्यात आली. पहिल्या चाचणीचा हेतू औषध सुरक्षित आहे का, एवढेच पाहण्याचा असतो. परिणामाची अपेक्षा कोणी करत नाही. परंतु ३०० मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. बहुतेकांचे पहिल्या महिनाभरातच. कर्करोगाच्या इतिहासात असे आकडे क्वचितच दिसले होते.

ही वार्ता रुग्णांमध्ये पसरली आणि मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. १९९९ साली रुग्णांनी इंटरनेटवरून तीन हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीचे प्रमुख डॅनिएल व्हासेला यांच्याकडे पाठवला : औषध आहे, तर ते आम्हांला मिळू द्या. कंपनीने उत्पादन वाढवले. १० मे २००१ रोजी, अर्ज आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, अमेरिकी औषध प्रशासनाने मंजुरी दिली. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ज्यांचा मागोवा घेतला गेला, अशा रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के हयात होते. जो रोग मृत्यूची तारीख सांगत असे, तो मधुमेहासारखा रोज गोळी घेऊन सांभाळण्याचा रोग झाला. ड्रुकर, लिडन आणि लॉस एंजेलिसचे चार्ल्स सॉयर्स यांना २००९ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

मात्र विजय संपूर्ण नव्हता. काही रुग्णांत औषध निष्प्रभ होऊ लागले. बीसीआर-एबीएल प्रथिनातील एखादाच दुवा बदलतो, खोबणीचा आकार पालटतो आणि किल्ली बसेनाशी होते, हे सॉयर्स यांनी २००१ मध्ये दाखवले. चोराने कुलूपच बदलले! म्हणून नव्या किल्ल्या घडवाव्या लागल्या : २००६ मध्ये डॅसॅटिनिब, २००७ मध्ये निलोटिनिब, सर्वांत हट्टी बदलावर २०१२ मध्ये पोनॅटिनिब, आणि २०२१ मध्ये प्रथिनाच्या अगदी वेगळ्या खोबणीत बसणारे ॲसिमिनिब.

चेन्नईपासून दिल्लीपर्यंत

आता कथेचा भारतीय भाग. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, औषधाला नव्हे. म्हणून येथील कारखाने निराळ्या कृतीने तेच औषध स्वस्तात बनवू शकत. जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट देणे भाग पडले. इमॅटिनिबचा मूळ शोध त्यापूर्वीचा. परंतु त्याच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने १९९८ मध्येच चेन्नईत अर्ज करून ठेवला होता. २००३ मध्ये कंपनीला भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला. त्या वेळी ठळक झालेले आकडे असे : कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये, भारतीय कारखान्यांचे सुमारे ८,००० ते १०,००० रुपये. वर्षाला चौदा लाख चाळीस हजार आणि सुमारे एक लाख! पहिल्या आकड्यात घर आणि दुकान दोन्ही गहाण पडतात. दुसरा आकडा कष्टाने का होईना, पण पेलता येतो. औषध जन्मभर घ्यायचे असल्यामुळे हा फरक आयुष्य आणि मृत्यू यांमधला होता.

कंपनीची बाजूही नोंदवली पाहिजे. २००२ पासून तिने भारतातील हजारो गरजू रुग्णांना हे औषध विनामूल्य दिले, आणि शोधाला संरक्षण नसेल तर पुढील शोधांसाठी भांडवल कोण घालील, असा तिचा सवाल होता. विरोधकांचे म्हणणे असे की, दान दात्याच्या इच्छेवर चालते, वाजवी किंमत मात्र हक्काने मिळते.

मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने व काही भारतीय कंपन्यांनी पेटंटला हरकत घेतली. कायद्यातील कलम ३(ड) त्यांच्या मदतीला आले. माहीत असलेल्या पदार्थाचे केवळ नवे रूप, त्याने गुणकारकता वाढत नसेल तर, शोध मानता येणार नाही, असे हे कलम सांगते. जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. मद्रास उच्च न्यायालय, मग अपील मंडळ, असा प्रवास करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. नवे स्फटिकरूप शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाते, असे कंपनीने मांडले. न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला. औषधाच्या बाबतीत गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. ती वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून पेटंट नाही. न्यायालयाने पेटंटपद्धती नाकारली नाही. जुन्या मालावर नवे वेष्टन चढवून मक्तेदारीची मुदत वाढवण्यास तेवढी मनाई केली.

त्याच वर्षी जगभरच्या शंभराहून अधिक सीएमएल-तज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एकत्र लिहिले, की अमेरिकेत २००१ मध्ये वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर असलेली या औषधाची किंमत २०१२ पर्यंत ९२,००० डॉलरवर गेली आहे. संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. पाच हजार रुग्णांसाठी गुंतवणूक करावी की नाही, असा प्रश्न ज्याविषयी पडला होता, ते औषध आता वर्षाला चारशे कोटी डॉलरहून अधिक विक्री करत होते. पहिला हिशेब चुकला होता, कारण रुग्ण जगतील हे त्यात धरलेच नव्हते. रुग्ण जगले, म्हणून दरवर्षी औषध घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

घरासाठी चार गोष्टी

ज्या घरात हा रोग आला असेल, तेथे काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गोळी रोज व वेळेवर घेतली पाहिजे. बरे वाटते म्हणून स्वतःहून सोडू नये, कारण दबलेला रोग पुन्हा डोके वर काढतो. दुसरी, ठरावीक काळाने बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी करावी. रोग आटोक्यात आहे की नाही हे तीच सांगते. काही रुग्णांत रोग दीर्घकाळ खोल दबलेला राहिला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून पाहता येते. पण तो निर्णय डॉक्टरांचाच. तिसरी, डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ असे त्रास होऊ शकतात. ते लपवू नयेत. अपत्याचा विचार असेल तर तो आधीच डॉक्टरांना सांगावा. चौथी, औषध स्वस्त आहे म्हणजे कमअस्सल आहे, असा समज करून घेऊ नये. कोणते घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि पक्की पावती घेऊन खरेदी करावे.

आज फुप्फुस, स्तन व इतर अवयवांच्या कर्करोगांवर याच वाटेने घडलेले अनेक लहान रेणू वापरात आहेत. प्रत्येकामागे कोणाची तरी वीस-तीस वर्षे आहेत. नळाच्या पाण्याने पेशी धुणारा, जेवणाच्या टेबलावर कागद कापणारी, चार अणूंची जागा शोधणारा, रुग्णांसाठी पाठपुरावा न सोडणारा, आणि न्यायालयात हरकत घेणारी मुंबईची संस्था, यांतील कोणीही एकटा पुरेसा नव्हता. या व्यवहारात शोध लावणाऱ्याला त्याचे श्रेय आणि नफा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण औषधाचा खरा ताळेबंद नफ्याच्या बेरजेवर संपत नाही. ज्याला ते लागते त्याच्या हातात ते पोचले की नाही, ही शेवटची ओळ भरल्यावाचून ती वही पुरी होत नाही.